अनुदानाचं नंतर बघू, आधी बिलाच्या तळाशी एक ओळ छापा

जुळे सोलापूरहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. पत्र चार पानी आहे, म्हणून कामापुरता भाग देतो.

‘काका, मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, वय २९. मी आणि कॉलेजचा एक मित्र मिळून यंत्रमागावर बसवायचं छोटं यंत्र बनवतो. माग कधी बंद पडला, किती वेळ बंद राहिला, पाळीत किती पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) पडले, हे मालकाला मोबाइलवर दिसतं. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि आसपासच्या १७ टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत ते चालू आहे. गेल्या वर्षीची उलाढाल २४ लाख. फर्म माझ्या एकटीच्या नावावर, जीएसटी आहे, दोन मुलं कामाला आहेत. पण हातात पैसा राहत नाही, साडेसहा लाख येणं बाकी आहे. एक सल्लागार म्हणतात, “५० लाखांचं स्टार्टअप अनुदान मिळवून देतो, आधी ६० हजार द्या, मंजुरीनंतर ८ टक्के.” बाबा म्हणतात पीएमईजीपीतून, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, कर्ज काढ, निम्मं माफ होतं. दाजी म्हणतात पुण्याला या, सोलापुरात स्टार्टअप होत नसतं. आम्हाला कापडातला दोष पकडणारा कॅमेराही बनवायचा आहे. नेमकी कुठली योजना घेऊ?’

ताई, सल्लागारांचा विषय आधी उरकतो. त्यांना पैसे देऊ नका.

ते ज्या ५० लाखांबद्दल बोलतात ती बहुधा केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना. २०२१ साली ९४५ कोटींची तरतूद करून ती सुरू झाली. त्यात अनुदान आहे ते २० लाखांपर्यंत, आणि तेही कल्पना सिद्ध करायला, नमुना बनवायला, चाचण्या घ्यायला. ५० लाखांचा आकडा आहे तो कर्जाचा किंवा पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या रोख्यांचा. म्हणजे ‘५० लाखांचं अनुदान’ अशी चीजच त्या योजनेत नाही. पैसे एकरकमी मिळत नाहीत, ठरलेले टप्पे गाठले की हप्त्याहप्त्यानं येतात. अर्ज ऑनलाइन करायचा, निवड इन्क्युबेटर, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणारं केंद्र, करतं आणि त्यासाठी फी घेत नाही. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट, स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता फुकट. मग ६० हजार कशाचे? फॉर्म भरण्याचे. तुम्ही यंत्राचं सर्किट स्वतः बनवता, फॉर्म भरता येणार नाही असं मला वाटत नाही. अर्ज नीट लिहून देणारा चांगला माणूस भेटला तर त्याची मेहनत जरूर द्या, पण मंजुरीची हमी देणारा आणि टक्केवारी मागणारा दारात उभा करू नका.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारता योजना कुठली, आणि पत्रात सांगता की पैसा अडकलाय. ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत. नमुना बनवायला पैसा नाही, त्यासाठी अनुदान असतं. तुमचं यंत्र तर १७ ठिकाणी चालू आहे. तुमचा पैसा कारखानदारांकडे आहे. तिथून तो आणायला कुठलंही इन्क्युबेटर येणार नाही.

त्या साडेसहा लाखांतला एक भाग तर तुम्ही स्वतःच्या खिशातून आधीच भरून बसला आहात. बिल फाडलं की जीएसटी भरावा लागतो, पार्टीनं पैसे दिले असोत वा नसोत. १८ टक्क्यांनी हिशेब केला तर साडेसहा लाखांत जवळपास एक लाख रुपये निव्वळ कर आहे. गिऱ्हाईक ‘गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग बघू’ म्हणतं, आणि तुम्ही २० तारखेला रिटर्न भरता. सोलापुरात सुताचा भाव चढला की पेमेंट थांबतं, सुताचा भाव उतरला की मालाला उठाव नाही म्हणून थांबतं. हे नवीन नाही. पण तुमच्या बाजूनं कायदा आहे आणि तो तुम्ही वापरलेला दिसत नाही.

पत्रासोबत तुम्ही बिलाचा एक नमुना जोडलाय. वर सुरेख लोगो, खाली बँकेचा तपशील आणि ‘धन्यवाद, पुन्हा भेटू’. उद्यम क्रमांक नाही, देय तारीख नाही. उद्यम नोंदणी झाली नसेल तर आजच करा. आधार आणि पॅन लागतं, घरबसल्या होते. आणि नोंदणी होण्याआधी दिलेल्या मालावर हक्क सांगताना वाद होतो, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका. मग बिलाच्या तळाशी एक ओळ छापून घ्या: उद्यम क्रमांक, उद्योगाचा प्रकार सूक्ष्म, आणि देय तारीख.

त्या ओळीला एवढं वजन का, तर २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग, विकास कायदा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगानं माल वा सेवा दिली की खरेदीदारानं लेखी कराराप्रमाणे पैसे द्यायचे, आणि करार काहीही म्हणो, ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. लेखी करारच नसेल, आणि तुमचा नाही असं दिसतं, तर १५ दिवस. त्यानंतर चक्रवाढ व्याज, दरमहा जोडलेलं, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. देणेकऱ्यानं ऐकलंच नाही तर ऑनलाइन तक्रार करता येते, ती या कायद्याखालच्या परिषदेपुढे जाते. आधी समझोता, तो नाही झाला तर लवाद. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर देणेकऱ्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कायद्यात निकालाला ९० दिवस सांगितलेत. प्रत्यक्षात वेळ लागतो, ते धरून चाला.

पण तक्रार हे शेवटचं हत्यार. ज्याच्या कारखान्यात पुढच्या वर्षी आणखी २० यंत्रं बसवायची, त्याच्यावर पहिल्याच दिवशी केस टाकून धंदा होत नाही. त्याआधी दोन गोष्टी मालकाच्या नव्हे, त्याच्या सीएच्या कानावर घाला. एक, सूक्ष्म वा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हा नियम आहे. दोन, बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. आयकराची मात्रा तुमच्या मासिक सेवेच्या बिलाला चांगली लागू पडते, यंत्राच्या किमतीला तेवढी नाही, कारण यंत्र मालकाच्या वहीत भांडवली खात्यात जातं. आणि जे छोटे कारखानदार उलाढालीच्या ठोक टक्क्यावर कर भरतात त्यांना या नियमाचं फारसं भय नाही. पण ज्यांचं ऑडिट होतं अशा मोठ्या निर्यातदाराचा सीए मार्च जवळ आला की स्वतःच फोन करून उद्यमचा दाखला मागतो. तो फोन येईल अशी व्यवस्था डिसेंबरातच करून ठेवायची.

काही जण सांगतील, उद्यम छापलं की पार्टी पळते, ‘नको बाबा हा एमएसएमईवाला’ म्हणते. होतं असं कधी कधी. तुमच्याबाबतीत मला ती भीती कमी वाटते, कारण तुमच्यासारखं यंत्र गल्लोगल्ली मिळत नाही. आणि तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे, ती वापरा. माग किती वेळ बंद होता हे तुमच्याच यंत्राला माहीत असतं. थकबाकीदार मालकाकडे वसुलीला जाताना नुसतं बिल नेऊ नका, त्याच्या कारखान्याचा तीन महिन्यांचा हिशेब न्या. कुठला माग ताणा (उभा धागा) तुटून थांबला, कुठला आडव्या धाग्याची कांडी संपून थांबला, रात्रपाळीत दोन ते चारच्या दरम्यान किती मागांची खटखट बंद होती. ज्यानं हा कागद नीट वाचला तो मालक चहा मागवतो, आणि चेकबुकही काढतो. यापुढे यंत्राची निम्मी रक्कम ऑर्डरसोबत घ्या, सेवेचे पैसे वर्षाचे आगाऊ घ्या, हवी तर थोडी सूट द्या. सूट दिलेली परवडते, थकलेली उधारी परवडत नाही.

वसुली सुरू झाली की बँकेत जा, आणि मुदत कर्ज मागू नका, खेळत्या भांडवलाची मर्यादा मागा. छोट्या उद्योगांसाठी बँकांचं एक साधं गणित असतं. पुढच्या वर्षीच्या अंदाजी उलाढालीच्या २५ टक्के एवढं खेळतं भांडवल लागेल असं धरायचं, त्यातले २० टक्के बँकेनं द्यायचे, ५ टक्के मालकानं घालायचे. तुम्ही पुढच्या वर्षी ४० लाखांचा अंदाज पटवून देऊ शकलात, म्हणजे हातातल्या ऑर्डरी दाखवल्यात, तर ८ लाखांची मर्यादा मागता येते आणि तुमचे २ लाख लागतात. एवढ्या रकमेला घर तारण ठेवायची गरज नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांना एवढ्या छोट्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनंच बँकांना बजावलेलं आहे. मोठ्या रकमेला सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी न्यासाची हमी घेता येते. २०२५ च्या एप्रिलपासून तिची कमाल मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी झाली. हमीचं वार्षिक शुल्क असतं, ते विचारून घ्या. शाखेत ‘तारण आणा’ म्हणालेच तर भांडू नका. हमीखाली प्रस्ताव का बसत नाही ते लेखी द्या, एवढंच नम्रपणे मागा. मी बँकेतल्या टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे, लेखी मागितलं की फाइल हलते. एक ध्यानात ठेवा, ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बहुतेक बँका उचल ठरवताना धरतच नाहीत. म्हणून वसुली आधी म्हणतोय.

बाबांची पीएमईजीपी तुम्हाला बसत नाही. ती नव्या उद्योगासाठी आहे, चालू फर्मला पहिलं कर्ज त्यातून मिळत नाही. आणि ‘निम्मं माफ’ ही पारावरची गोष्ट. अनुदान १५ ते ३५ टक्के असतं, महिलांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५. तेही हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून मग कर्जात वळतं होतं. त्यांचा हेतू चांगला आहे, एवढं सांगून विषय बंद करा.

आता स्टार्टअप मान्यतेचं. एकल मालकीच्या फर्मला ती मिळत नाही. खासगी मर्यादित कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी अशी संस्था लागते. कंपनी करावी असं माझं मत आहे, पण घाईनं नाही, आणि त्याची दोन कारणं.

पहिलं कारण घड्याळ. सीड फंडाला अर्ज करताना संस्था स्थापन होऊन दोन वर्षांहून जास्त झालेली चालत नाहीत. कंपनी नोंदवली त्या दिवसापासून हे घड्याळ सुरू होतं. उत्साहाच्या भरात आज कंपनी नोंदवाल, कॅमेऱ्याचं काम दीड वर्षानं हाती घ्याल, आणि मग उरलेल्या सहा महिन्यांत इन्क्युबेटर शोधत हिंडाल. तेव्हा कॅमेऱ्याचं कच्चं काम टेबलावर चालू झालं की कंपनी. योजनेचे अर्ज त्या वेळी खुले आहेत का, तेही पोर्टलवर आधी पाहून घ्या. शिवाय केंद्राच्या वा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून १० लाखांहून जास्त पैसा घेतलेला असेल तरी ही योजना बंद होते, म्हणून आधी काय घेता याचाही क्रम लावा.

दुसरं कारण अधिक नाजूक. चालू धंद्याचे तुकडे करून किंवा त्याचीच पुनर्रचना करून बनवलेल्या संस्थेला स्टार्टअप मानत नाहीत. म्हणजे जुन्या फर्मची बिलं, ऑर्डरी, यंत्रं उचलून नुसती नव्या नावाखाली ठेवली तर अडचण येऊ शकते. मागांचा चालू धंदा फर्ममध्ये ठेवायचा आणि कॅमेऱ्यासारखं नवं उत्पादन नव्या कंपनीत करायचं, की सगळंच कंपनीत न्यायचं, हे स्टार्टअपचं काम केलेल्या सीएसोबत बसून कागदावर ठरवा. इथं मात्र फी द्या, ती योग्य ठिकाणी गेलेली असेल.

करसवलतीचं फार मनावर घेऊ नका. मान्यता मिळालेल्या कंपनीला वा एलएलपीला पहिल्या दहापैकी सलग तीन वर्षं नफ्यावर कर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि मुळात नफा लागतो.

पत्रात मित्राबद्दल एकच ओळ आहे, ‘तो पुण्यात नोकरी करतो, रात्री आमचं प्रोग्रामिंग बघतो’. तुमच्या सबंध पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटली. फर्म तुमच्या नावावर, कोड त्याच्या लॅपटॉपवर, आणि दोघांत कागद नाही. आज तुमचं छान जमतंय, म्हणूनच आज लिहा. त्यानं आधी स्वतःचं नियुक्तिपत्र काढून वाचावं. पुष्कळ कंपन्यांच्या पत्रात असतं की नोकरीच्या काळात बनवलेल्या सॉफ्टवेअरवर कंपनीचा हक्क, आणि बाहेरचं काम करायला परवानगी हवी. तसं असेल तर तुमच्या १७ कारखान्यांत चालणारी वस्तू उद्या कुणाची, हा प्रश्न गुंतवणूकदार पहिल्या भेटीत विचारेल. मित्र नोकरी सोडणार का, कधी, आणि तोवर त्याचा वाटा किती, हे तिघांत बसून बोला. तिसरा म्हणजे सीए, घरचं कुणी नको. वाटा एकदम देऊ नका, तीन-चार वर्षांत हळूहळू त्याच्या नावावर होईल असा करार करतात, तसा करा. कोडची एक प्रत तुमच्या ताब्यातल्या खात्यात असू द्या. हे अविश्वासाचं वाटलं तर माझं नाव सांगा, काकांनी सांगितलं म्हणून.

कॅमेऱ्याकडे येतो, इथं अनुदानाचा खरा उपयोग आहे. विणताना धागा सुटला, पट्टा पडला, डाग आला, हे मागावरच पकडायचं तर कॅमेरा, दिवा, धूळ आणि थरथर या सगळ्याशी झगडावं लागेल. दोन-चार नमुने वाया जाणार. त्या वाया जाण्याला बँक पैसा देत नाही, देऊही नये. त्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना बघा. हातात धरता येईल अशा वस्तूचा नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मदत, तीही निवडक केंद्रांमार्फत. नुसत्या ॲपला ती नाही, तुमच्या कॅमेऱ्याला ती शोभते. नंतर सीड फंड किंवा राज्याच्या नावीन्यता सोसायटीचे कार्यक्रम. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना सरकारी खात्याचं काम मिळत आलंय, पण तुमचं गिऱ्हाईक सरकार नाही, तेव्हा त्यामागे धावायचं कारण दिसत नाही.

पेटंटबद्दल ऐकून आहात, असं पत्रात म्हणता. नुसत्या सॉफ्टवेअरला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. कॅमेरा आणि मागाच्या जोडणीत काही नवं असेल तर विचारा, मान्यताप्राप्त स्टार्टअपला शुल्कात ८० टक्के सूट आहे. पण तोपर्यंत कुठल्या प्रदर्शनात आतली रचना उघडून दाखवू नका. यंत्राच्या नावाचा ट्रेडमार्क मात्र लगेच करा, ऑनलाइन शुल्क ९ हजारांऐवजी ४,५०० लागतं, आणि त्यासाठी कंपनीची वाट बघायला नको.

राहिले दाजी. सोलापुरात स्टार्टअप होत नाही हे मला पटत नाही, निदान तुमचं तर इथंच होईल. चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन असलेलं हे गाव, माग इथं, माग दुरुस्त करणारे जॉबर इथं. यंत्र बिघडलं तर तुमच्याकडे कामाला असलेला मुलगा पाऊण तासात कारखान्यात पोचतो. पुण्याच्या भाड्यात इथं कार्यशाळा आणि दोन माणसांचा पगार निघतो. पुढचं गिऱ्हाईकही इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत आहे, हिंजवडीत नाही. पुण्यातून घ्यायचं ते घ्या. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं व्हेंचर सेंटर २००७ पासून आहे, सीओईपीचं भाऊ इन्स्टिट्यूट आहे. पत्ता सोलापूरचा ठेवूनही त्यांच्याशी बोलता येतं. आणि त्याआधी आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाच्या इन्क्युबेशन केंद्रात एक चक्कर टाका, जिल्हा उद्योग केंद्रातही.

इन्क्युबेटरच्या मुलाखतीला जाल तेव्हा २५ स्लाइडचं सादरीकरण नेऊ नका. १७ कारखान्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षी स्वतःहून पैसे भरले, किती जणांनी यंत्रं वाढवली आणि किती जणांनी काढून ठेवली, एवढा तक्ता न्या. काढून ठेवलेल्यांची कारणंही त्यात लिहा, ती तुमच्या पत्रात नव्हती, आणि समितीतला कुणीतरी तीच आधी विचारणार. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी गेलात तर रात्री जेवायला घरी याल.